उत्तर किती पटीनं चुकलं ते आधी बघा: बंधाची कंपन-वारंवारता काढताना एककं कशी सांभाळायची

मागच्या सत्रात बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर वही घेऊन आला. केजकडचा मुलगा, रोज एसटीनं अंबाजोगाईला ये-जा करणारा. वहीत हायड्रोजन क्लोराइडच्या (एचसीएलच्या) बंधाचं कंपन काढायचं गणित होतं, सगळ्या पायऱ्या स्वच्छ अक्षरात, शेवटी ९४.५५ आणि त्याखाली दोन रेघा. म्हणाला, "सर, सगळं बरोबर करायलोय, पण उत्तर ९४ च यायलंय. पुस्तकात २९९० आहे." मी २९९० ला ९४.५५ नं भागलं. ३१.६ आलं. म्हटलं, "वस्तुमान ग्रॅममध्येच ठेवलंस बघ, किलोग्रॅम केलं नाहीस." त्यानं पान उलटून पाहिलं. रिड्यूस्ड मास १.६२७ × १०^-२४ लिहिलेला होता.

न बघता कसं कळलं, असं त्यानं विचारलं. त्याला फळ्यावर जे दाखवलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण हीच अडचण मी दरवर्षी पाहतो. सेट-नेट, गेटची तयारी करणारी हुशार मुलंसुद्धा इथं सूत्रात चुकत नाहीत, एककात चुकतात. आणि एककाची प्रत्येक चूक उत्तरावर आपला ठरलेला ठसा सोडून जाते. तो ओळखता आला की पूर्ण गणित पुन्हा करावं लागत नाही.

सूत्र आणि त्यातलं कोण कुठल्या एककात

दोन अणू स्प्रिंगनं जोडलेले आहेत असं धरलं की वारंवारता अशी येते:

न्यू = (१ ÷ २पाय) × √(के ÷ म्यू)

के म्हणजे बंधाचा फोर्स कॉन्स्टंट, म्हणजे बंध किती ताठ आहे त्याचं माप. म्यू म्हणजे रिड्यूस्ड मास, दोन्ही अणूंच्या वस्तुमानांतून काढलेलं एकच वस्तुमान. हे उत्तर हर्ट्झमध्ये येतं. आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रमच्या कागदावर मात्र वेव्हनंबर असतो, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा मावतात तो आकडा, एकक सेमी^-१, म्हणून त्याला प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सी नं, आणखी एकदा भागायचं:

न्यू-बार = (१ ÷ २पाय सी) × √(के ÷ म्यू)

आता आकडे घालण्याआधी फक्त एककं घालून बघा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. के न्यूटन प्रति मीटरमध्ये असतो. न्यूटन म्हणजे किलोग्रॅम × मीटर ÷ सेकंद वर्ग. त्याला मीटरनं भागलं की मीटर जातो आणि उरतं किलोग्रॅम ÷ सेकंद वर्ग. याला म्यूनं भागायचं आहे. म्यू किलोग्रॅममध्ये असेल तरच किलोग्रॅमला किलोग्रॅम कटतो आणि मुळाखाली १ ÷ सेकंद वर्ग राहतं. मूळ काढलं की १ ÷ सेकंद, म्हणजेच वारंवारता. म्यू ग्रॅममध्ये असेल तर वर किलोग्रॅम आणि खाली ग्रॅम राहतो, आणि हजारचा एक आकडा मुळाखाली लपून बसतो.

मोंढ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलचा बोलला जातो. माल आपण कट्ट्यांत मोजून नेला तरी पट्टी करताना आधी क्विंटल करावेच लागतात. न्यूटन प्रति मीटर हा भाव किलोग्रॅमचा आहे. माल, म्हणजे म्यू, किलोग्रॅममध्येच सांगावा लागतो.

रिड्यूस्ड मास: सगळ्यात जास्त घसरण इथंच

हायड्रोजनचं वस्तुमान १.००७८३ आणि क्लोरिन-३५ चं ३४.९६८८५, दोन्ही अणुवस्तुमान एककात. हे एकक म्हणजे कार्बन-१२ अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. पुढं त्याला 'यू' म्हणतो.

म्यू = (१.००७८३ × ३४.९६८८५) ÷ (१.००७८३ + ३४.९६८८५) = ०.९७९५९ यू

लक्षात घ्या, म्यू हायड्रोजनच्या वस्तुमानाहून जरा कमीच आला. हे नेहमी असंच असतं, रिड्यूस्ड मास हलक्या अणूपेक्षा कमीच येतो. तुमचा म्यू १.०२ आला तर पुढं जाऊच नका, गुणाकार-भागाकार उलटा झालाय.

आता यू चे किलोग्रॅम. १ यू = १.६६०५४ × १०^-२७ किलोग्रॅम. म्हणून म्यू = ०.९७९५९ × १.६६०५४ × १०^-२७ = १.६२६६५ × १०^-२७ किलोग्रॅम.

बरीच मुलं इथं ॲव्होगॅड्रोच्या रस्त्यानं जातात. ०.९७९५९ ला ६.०२२ × १०^२३ नं भागतात आणि १.६२७ × १०^-२४ लिहितात. भागाकार बरोबर आहे, पण ते ग्रॅम आहेत, कारण मोलर वस्तुमान ग्रॅम प्रति मोलमध्ये असतं. अजून हजारनं भागायचं राहिलं. केजच्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून माझं सांगणं असं की ॲव्होगॅड्रोचा रस्ता सोडा, १.६६०५४ × १०^-२७ हा एकच आकडा पाठ करा आणि तोच वापरा. पाठ राहिला नाही तरी घातांक लक्षात ठेवा: किलोग्रॅमला उणे २७, ग्रॅमला उणे २४.

दुसरी गोष्ट, आवर्तसारणीतला क्लोरिनचा ३५.४५ हा सरासरी आकडा आहे. प्रत्यक्षात ३५.४५ वस्तुमानाचा एकही क्लोरिन अणू नसतो. असतात ते ३५ आणि ३७. कंपन एका रेणूचं असतं, म्हणून समस्थानिकाचं, म्हणजे ३५ किंवा ३७ यांपैकी एकाच प्रकारच्या अणूचं, वस्तुमान घ्यावं. ३५.४५ घेतल्यानं उत्तरात वेव्हनंबरचा जेमतेम एक आकडा इकडंतिकडं होतो, परीक्षेत गुण जात नाहीत. पण एचसीएलच्या चांगल्या रिझोल्यूशनच्या स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक रेष जोडीनं दिसते, साधारण २ सेमी^-१ च्या अंतरानं, ती याच ३५ आणि ३७ मुळं. सरासरी घेतली तर ती जोडी का दिसते हेच कळत नाही.

फोर्स कॉन्स्टंटची तीन रूपं

ग्रंथालयातली जुनी पुस्तकं काढली तर के डाइन प्रति सेंटीमीटरमध्ये मिळतो. नव्या पुस्तकांत न्यूटन प्रति मीटर. संगणकावर क्वांटम रसायनाचं सॉफ्टवेअर चालवलं तर बहुधा मिलीडाइन प्रति ॲंग्स्ट्रॉम. तिन्ही आकडे एकाच बंधाचे असतात.

एक न्यूटन म्हणजे १०^५ डाइन आणि एक मीटर म्हणजे १०^२ सेंटीमीटर. म्हणून १ न्यूटन प्रति मीटर = १,००० डाइन प्रति सेंटीमीटर. मिलीडाइन म्हणजे १०^-८ न्यूटन आणि ॲंग्स्ट्रॉम म्हणजे १०^-१० मीटर. भागलं की १ मिलीडाइन प्रति ॲंग्स्ट्रॉम = १०० न्यूटन प्रति मीटर. एचसीएलचा के तीन तऱ्हांनी असा लिहिला जातो: ५१६ न्यूटन प्रति मीटर, ५.१६ × १०^५ डाइन प्रति सेंटीमीटर, ५.१६ मिलीडाइन प्रति ॲंग्स्ट्रॉम.

अंदाज असू द्या. साध्या एकेरी बंधाचा के ५०० न्यूटन प्रति मीटरच्या आसपास, दुहेरीचा १,००० च्या आणि तिहेरीचा १,५०० च्या पुढं. कार्बन मोनॉक्साइडचा १,९०२, म्हणजे खूपच ताठ बंध. प्रश्नात के ५ लाख दिला असेल आणि एकक छापायचं राहिलं असेल, तर ते डाइन प्रति सेंटीमीटर आहे हे नुसत्या आकड्यावरून समजावं. नुसता ५ दिला असेल तर मिलीडाइन प्रति ॲंग्स्ट्रॉम.

आकडे घालू

के ÷ म्यू = ५१६ ÷ (१.६२६६५ × १०^-२७) = ३.१७२ × १०^२९

मूळ = ५.६३२ × १०^१४

याला ६.२८३२ नं भागा: ८.९६४ × १०^१३ हर्ट्झ. म्हणजे एका सेकंदात नव्वद लाख कोटींच्या जवळपास कंपनं, एका कंपनाला ११ फेम्टोसेकंद.

आता सी. इथं सी सेंटीमीटर प्रति सेकंदमध्येच घ्या: २.९९७९ × १०^१० सेमी प्रति सेकंद. भागलं की २,९९० सेमी^-१.

सी मीटरमध्ये घेतला, म्हणजे २.९९७९ × १०^८, तर २,९९,००० येतं. तेही बरोबर आहे, पण ते मीटर^-१ आहे. सेमी^-१ करताना याला १०० नं भागायचं की गुणायचं, यावर दर वर्गात अर्धे हात इकडं, अर्धे तिकडं असतात. वेव्हनंबरचा अर्थ आठवला की शंका राहत नाही: दिलेल्या लांबीत किती लाटा मावतात. एका मीटरमध्ये २,९९,००० लाटा मावत असतील तर एका सेंटीमीटरमध्ये शंभरपट कमी मावणार. म्हणून भागायचं. लांबीच्या सवयीनं हात गुणाकाराकडं जातो, पण इथं एकक छेदात आहे.

एक सापळा चिन्हाचाही आहे. वर मूळ काढल्यावर आलेला ५.६३२ × १०^१४ ही कोनीय वारंवारता, ओमेगा, रेडियन प्रति सेकंद. स्पेक्ट्रोस्कोपीच्या तक्त्यांत मात्र 'ओमेगा-ई' हे चिन्ह सेमी^-१ मधल्या वेव्हनंबरसाठी वापरतात, त्याचा २पायशी काही संबंध नाही. तक्त्यातल्या ओमेगा-ई ला २पाय नं भागणारी मुलं मी पाहिली आहेत. चिन्हावर जाऊ नका, शेजारचं एकक वाचा.

एकच आकडा: १३०.२८

१ ÷ २पाय सी, यू चे किलोग्रॅम आणि सी चे सेंटीमीटर, हे सगळं कधीच बदलत नाही. एकदाच करून ठेवलं तर:

न्यू-बार = १३०.२८ × √(के ÷ म्यू)

इथं के न्यूटन प्रति मीटरमध्ये, म्यू सरळ यू मध्ये, उत्तर सेमी^-१ मध्ये. ५१६ ÷ ०.९७९५९ = ५२६.८, मूळ २२.९५, गुणिले १३०.२८ = २,९९०. दोन ओळींत काम झालं. के मिलीडाइन प्रति ॲंग्स्ट्रॉममध्ये असेल तर आकडा १,३०२.८ होतो. डाइन प्रति सेंटीमीटरसाठी ४.१२, हा आकडा सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकांत दिसतो आणि कुठून आला ते मुलांना सांगितलं जात नाही. तो ॲव्होगॅड्रो संख्येचं वर्गमूळ भागिले २पाय सी आहे, बस.

कीटोनमधल्या कार्बोनिलवर करून बघा. के १,२०० धरा, म्यू ६.८५७. उत्तर साधारण १,७२३. ॲसिटोन या कीटोनचा पट्टा १,७१५ च्या आसपास दिसतो. एवढ्या साध्या स्प्रिंगच्या चित्रातून इतकं जवळ येतं, हे मला अजूनही फार सुंदर वाटतं.

उलटं गणितही याच आकड्यानं: के = म्यू × (न्यू-बार ÷ १३०.२८) चा वर्ग.

ठसे ओळखणं

बरोबर उत्तर २,९९० च्या जवळ हवं आणि तुमचं वेगळं आलं. मोठ्या आकड्याला लहान आकड्यानं भागा. जी पट येईल ती काय सांगते ते समजून घ्या. पाया एकच: के आणि म्यू मुळाखाली आहेत, सी आणि २पाय मुळाबाहेर. मुळाखालची हजारची चूक ३१.६ होऊन बाहेर येते, शंभरची १० होऊन. मुळाबाहेरची शंभरची चूक शंभरच राहते.

पट ३१.६ आणि उत्तर कमी, म्हणजे ९४.५५: म्यू ग्रॅममध्ये राहिला. पट ३१.६ आणि उत्तर जास्त, म्हणजे ९४,५५०: के डाइन प्रति सेंटीमीटरमध्ये राहिला. गंमत म्हणजे आकडे तेच, फक्त दशांशाची जागा वेगळी, म्हणून दोन्ही चुकांची गल्लत होते. आणि दोन्ही चुका एकदम केल्या तर उत्तर बरोबर येतं! ती चूक नाहीच. डाइन, सेंटीमीटर, ग्रॅम ही जुनी सीजीएस पद्धत आहे आणि ती पूर्ण वापरली तर चोख चालते. बिघडतं ते सरमिसळ केल्यावर.

पट १० आणि उत्तर २९९: मिलीडाइन प्रति ॲंग्स्ट्रॉमचा आकडा तसाच घातला. पट १००: सी मीटरमध्ये. पट ६.२८ आणि उत्तर १८,७८७: २पाय राहिला. पट ६.२८ आणि उत्तर ४७६: २पाय दोनदा भागला.

आता एक बारीक ठसा. उत्तर २९,५१० आलं. पट ९.८७. घाईत बघणारा याला १० समजतो आणि फोर्स कॉन्स्टंट तपासत बसतो. पण ९.८७ म्हणजे पाय चा वर्ग. कॅल्क्युलेटरवर १ ÷ २ × पाय असं दाबलं गेलंय. यंत्रानं आधी अर्धा केला आणि मग पाय नं गुणलं, जिथं भागायला हवं होतं. छेदाला कंस द्या: १ ÷ (२ × पाय). म्हणून पट काढताना निदान तीन आकडे तरी घ्या.

कंसाचीच दुसरी चूक: ५१६ ÷ ०.९७९५९ × १.६६०५४ × १०^-२७. इथं १०^-२७ खाली जायच्याऐवजी वर गेला. शेवटचं उत्तर १०^-२४ च्या घरात येतं. आणि म्यू किलोग्रॅममध्ये न नेता नुसता यू मध्येच घातला तर १.२ × १०^-१० येतं. दोन्हीकडं घातांक उणे आहे, पण उणे किती हे पाहिलं की चूक कळते.

पुस्तकात ५१६, दुसऱ्या पुस्तकात ४८१, खरा कुठला?

हा प्रश्न एककाचा नाही, पण एककं तपासून दमलेला विद्यार्थी शेवटी इथं येतो. एचसीएलचा प्रत्यक्ष दिसणारा पट्टा २,८८६ सेमी^-१ ला आहे, २,९९० ला नाही. खरा बंध आदर्श स्प्रिंगसारखा वागत नाही, ताणला की सैल होत जातो, त्यामुळं पहिली उडी, म्हणजे सगळ्यात खालच्या कंपनपातळीवरून तिच्या वरच्या पातळीवर जाणं, आदर्शापेक्षा सुमारे १०५ सेमी^-१ नं लहान असते. २,८८६ वरून के काढला तर ४८१ येतो, आदर्श २,९९१ वरून काढला तर ५१६. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, दोघांनी वेगळा वेव्हनंबर घेतला आहे. कार्बन मोनॉक्साइडचंही तसंच, २,१४३ वरून १,८५५ आणि २,१७० वरून १,९०२. तुमचं उत्तर तीन-चार टक्क्यांनी हुकत असेल तर एककं सोडा, हा फरक बघा. एककाची चूक कधी तीन टक्क्यांची नसते.

सेमी^-१ वरून पुढं

पावसाळ्यात आपल्याकडं रोज सकाळी जायकवाडीचा आकडा बघितला जातो. नाथसागराचा उपयुक्त साठा कुणी ७६.६५ टीएमसी सांगतं, कुणी २,१७१ दलघमी, कुणी नुसते शंभर टक्के. पाणी तेवढंच. सेमी^-१ चंही तसंच, ती एकाच उडीची ऊर्जा, वारंवारता आणि तरंगलांबी सांगण्याची रीत आहे.

१ सेमी^-१ म्हणजे २.९९८ × १०^१० हर्ट्झ. एका मोलसाठी ११.९६ जूल. ८,०६५.५ सेमी^-१ चा एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये हवी तर १०,००० ला वेव्हनंबरनं भागा, २,८८६ ची ३.४६५ मायक्रोमीटर येते. २५ अंश सेल्सिअसला औष्णिक ऊर्जा २०७ सेमी^-१ एवढीच असते, तिच्यापुढं २,८८६ ची उडी चौदापट मोठी. म्हणून खोलीच्या तापमानाला दहा लाख एचसीएल रेणूंत साधारण एकच वरच्या कंपनपातळीवर सापडतो. इथं मात्र जूल आणि किलोजूल यांत सावध राहा, ही चूक मुळाखाली नाही, पूर्ण हजारपट दिसते.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात गॉसियन हे क्वांटम रसायनाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याच्या आउटपुटमध्ये छापलेला रिड्यूस्ड मास आपल्या पाठ्यपुस्तकी सूत्राचा नसतो. हायड्रोजन रेणूला आपल्या सूत्रानं ०.५०३९ यू येतो, तिथं १.००७८ छापलेला दिसतो, कारण अणूंची विस्थापनं वेगळ्या रीतीनं प्रमाणित केलेली असतात. फोर्स कॉन्स्टंटही त्याच हिशेबानं बदलतो, त्यामुळं वारंवारता बरोबर राहते. म्हणून तिथला के उचलून आपल्या म्यू बरोबर घालू नका, जोडी एकाच ठिकाणची घ्या. हार्ट्री (ऊर्जेचं एकक) प्रति बोर (लांबीचं एकक) वर्गातला के मिळाला तर त्याला १,५५६.९ नं गुणा, न्यूटन प्रति मीटर मिळतात.

आणि जिथं एककांना हातच लावावा लागत नाही असं एक गणित. एचसीएलमधल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातला (डीसीएल) तर बंध तोच, के तोच. वेव्हनंबरचं गुणोत्तर फक्त दोन म्यूंच्या गुणोत्तराचं वर्गमूळ असतं, बाकी २पाय, सी, किलोग्रॅम सगळं कटतं. डीसीएलचा म्यू १.९०४४ यू. भागिले ०.९७९५९, मूळ १.३९४३. २,९९१ ला याने भागा, २,१४५ येईल, आणि प्रयोगातून मिळालेला आदर्श आकडाही २,१४५ च आहे. मी वर्गात आधी हे गणित देतो आणि नंतर एचसीएलचं पूर्ण गणित. केजच्या त्या मुलानं हे वहीच्या मागच्या पानावर उभ्याउभ्याच सोडवलं, मग पुढचं पान उघडून ९४.५५ वर काट मारली आणि वरच्या ओळीतल्या उणे २४ चे उणे २७ केले.